चौकटीच्या खाली

मोनाप्पा वडगावहून आलाय, मागावरचा माणूस,
वय सत्तावीस, वजन एकसष्ट.
चावीचा जुडगा, चिल्लर, कातर ट्रेमध्ये टाकली.
राहिली करदोट्यातली चांदीची पेटी.
कापू का म्हटलं, तर म्हणाला, थांबा ओ, आईनं बांधलाय,
आणि वाकता येत नव्हतं म्हणून
न बघताच नखानं गाठ सोडवली.
विणकराच्या बोटांना डोळे लागत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची फिल्म त्यानं गादीखाली जपलेली,
दिव्यासमोर धरली:
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती
किंचित बाहेर आलेली.
तेवढ्यावर सगळे थांबले.
पट्टा दिला. पडून राहा म्हणाले, माग सोड म्हणाले.
कडोलीच्या पायाळू म्हातारीनं पाठीला तीनदा पाय लावला,
गूळ-खोबरं घेऊन.

पण हा पडला की जास्त दुखतं.
पहाटे साडेतीनला जाग,
कंबर लाकडाची, कूस बदलायला भिंतीचा आधार.
तास-दीड तास मागांभोवती फिरलं,
धोट्यामागनं इकडून तिकडं झालं
की पाठ माणसात येते.
बायको म्हणते, निजलं की दुखतं, राबलं की बरं,
सोंगाला तरी काही नियम असावा.

नव्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलंय:
मणके पुरे. खाली या. दोन्ही सांधे, तिरके काप.

हलू नका, अल्लाडबेडी,
मी दोन्ही भाषांत सांगतो, सवयीनं.
एकीला तो 'व्हय' म्हणाला, दुसरीला 'हौद्री'.
मग आत सरकला.
वीस मिनिटं न हलता उताणं राहायचं,
त्याच्या दुखण्याला नेमकं नको ते
आम्ही त्याच्याकडून मागतो.
यंत्राची खटखट सुरू झाली.
बाकीचे घाबरतात. याचे खांदे सैल पडले,
कारखान्यात आल्यासारखे.

पहिल्या चित्रात चरबी उजळते, सगळं सारखंच दिसतं.
मग आम्ही चरबीचा उजेड विझवतो.
हाडं काळी होतात, अमावास्येची.
त्या काळोखात जिथं सूज असेल
तिथलं पाणी तेवढं पांढरं राहतं.

राहिलं.
त्रिकास्थीच्या कडेला, माकडहाडाच्या बरंच वर,
दोन हाडांमधल्या त्या जेमतेम हलणाऱ्या शिवेवर,
उजवीकडे जास्त, डावीकडे थोडं,
शिवेच्या अल्याड आणि पल्याडही.
जुनी फिल्म काढून शेजारी लावली.
ती संपते तिथून चार बोटं खाली होतं हे.
फिल्म खोटं बोलली नव्हती.
तिला विचारलंच नव्हतं.

मी काही बोलायचं नसतं.
असं पांढरं बाळंतिणीच्या सांध्यातही दिसतं कधी,
रोज दहा-दहा मैल पळणाऱ्या पोरांच्याही.
ते किती खोल आहे, हाड कुरतडलंय का,
रक्त काय म्हणतं, हे बाईंनी ठरवायचं.
मी नुसती चित्रं काढणारा.
माझीही कंबर दुखते.
संध्याकाळी, दिवसभर उभं राहून,
आणि आडवं झालं की थांबते.
ती साधी.

उठताना त्यानं पलंगाची कड धरली.
विचारलं नव्हतं, तरी म्हणाला,
बाप असाच गेला ओ.
चाळिशीतच वाकत चालला.
त्याला आभाळ बघायचं तर
खुर्चीत मागं रेलायला लागायचं.
गल्लीत पोरं हसायची,
गुराप्पा पडलेला धागा शोधतोय म्हणून.
एक डोळाही लाल व्हायचा त्याचा, मधेच, दुखून.
माझाबी झाला गेल्या साली.

हे चिठ्ठीवर नव्हतं.
मी पेन काढलं, कोपऱ्यात लिहिलं:
वडील. डोळा.
बाईंना दिसेल एवढं मोठं.

करदोटा बांधताना विचारलं त्यानं,
काय दिसलं?
म्हटलं, रिपोर्ट सात वाजता.
बाहेर त्याचा मेव्हणा रिक्षा थांबवून उभा,
मागच्या सीटवर उशी ठेवलेली.
म्हटलं, तुम्हाला चालल्यावर बरं वाटतं ना?
मग गोवावेसपर्यंत तरी चालत जा.
एवढं सांगायला रिपोर्ट लागत नाही.
मेव्हण्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसा मीही सोंगात सामील आहे.

मोनाप्पा निघाला.
पहिली दहा-वीस पावलं म्हाताऱ्याची.
कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी
मान थोडी वर.
रिक्षा मागून हळूहळू,
उशी एकटीच बसलेली.